दोन बोटं सैल

ज्वारी हुरड्यात आली की आमच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर पोरं पळायला लागतात. दर वर्षी. पहाटे शटर वर करावं तर धुक्यातून आधी बुटांचा आवाज येतो, मग कोणीतरी खोकतं, आणि मग सात-आठ पोरं रांगेनं समोरून निघून जातात. अंगात बनियन, खाली हाफ पँट, तोंडातून वाफ. मी काट्यावरची धूळ पुसता पुसता त्यांच्या छात्यांकडे बघत राहतो. माणसानं पहाटे उठून देवाचं नाव घ्यावं, मी पोरांच्या छात्या बघतो. सवय वाईट आहे खरी, पण तिला कारण आहे.

एका हिवाळ्यात मी स्वतः त्या रांगेत होतो. शेवटून दुसरा. शेवटचं कुत्रं होतं.

तो काळ असा, की दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा नुकत्याच टांगायला लागल्या होत्या, चौकात एसटीडीचा पिवळा डबा आला होता आणि गेवराईला रेडिमेड कपड्यांचं दुकान निघालं होतं. देशाचे दरवाजे उघडले, असं पेपरात यायचं. आमचं गाव चकलांब्याजवळचं, लहानसं. त्या उघड्या दरवाजातून आमच्यापर्यंत शांपू तेवढा पोचला होता, नोकऱ्या अजून वाटेत होत्या. बारावी होऊन बसलेल्या पोरानं करायच्या गोष्टी दोनच, डीएडच्या यादीची वाट बघायची नाहीतर पळायचं. डीएडच्या यादीत माझं नाव दोनदा आलं नव्हतं, म्हणून मी पळत होतो.

आमचं घर लिंगायत वाण्याचं, तीन पिढ्यांचं किराणा दुकान. फौजेत का जायचं असं कोणी विचारलं की मी तेव्हा देशाचं नाव सांगायचो. खरं सांगायचं तर मला दुकानातल्या गादीची भीती वाटायची. आजोबा तिच्यावर बसले, मग आप्पा, म्हणजे माझे वडील, बसले. बसून बसून तिच्यात एक खड्डा पडला होता, आणि तो माझीच वाट बघतोय असं मला दुपारी जेवून बसलो की हमखास वाटायचं. पारावर मात्र माझी भारी चेष्टा व्हायची. वाण्याचं पोरगं सीमेवर गेलं तर शत्रूला गोळ्या मोजून देईल आणि वर एक मूठ जास्तीची घालील, असं लोक म्हणत. आप्पांची ती रीतच होती. माल काट्यावर बरोबर मोजायचा, काटा थांबेपर्यंत श्वास रोखून बघायचं, आणि गिऱ्हाईक पिशवी आवळायला लागलं की वर एक मूठ टाकायची.

मला घाई होती ती शाळेच्या दाखल्यामुळे. आई सांगायची, तू झालास तेव्हा शेतात हुरडा होता. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लावला. आमच्या अख्ख्या वर्गाला लावला. गावातल्या तीसेक आया एकाच दिवशी बाळंत झाल्या आणि कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. त्या हिशेबानं येत्या एक जूनला माझी एकवीस पुरी होणार होती, आणि एकवीस झाली की फौज दारात उभं करत नाही. भरती संक्रांतीनंतर नगरला निघाली होती. पुढची कधी निघेल ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे मला जे काय व्हायचं ते याच हिवाळ्यात व्हायचं होतं.

माझा जोडीदार भागवत. वस्तीवरचा, शेतकऱ्याचा मुलगा, दारातून येताना मान वाकवणारा. त्यानं कुठूनतरी एका कागदावर अटी लिहून आणल्या होत्या. उंची, वजन, छाती. तो कागद आम्ही दुकानाच्या भिंतीवर, उदबत्तीच्या खोक्यामागं चिकटवला. उंचीचा प्रश्न नव्हता. उंची आमच्या घराण्यात आहे, रुंदीकडं मात्र देवाचं लक्ष गेलेलं नाही. वजन पन्नास किलो पाहिजे होतं. छाती सत्त्याहत्तर सेंटिमीटर, आणि फुगवून ब्याऐंशी.

वजनाची सोय घरात होती. पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर आप्पांनी मला उभं केलं, दुसऱ्या बाजूला वजनं ठेवली, काटा थांबेपर्यंत वाट बघितली आणि साडेसत्तेचाळीस, असं सांगून गिऱ्हाइकाकडं वळले. मी म्हटलं, आप्पा, परत एकदा बघा. ते म्हणाले की परत बघितलं म्हणून साखर वाढत नाही. मापात पाप नको हे त्यांचं ब्रीद होतं आणि ते पोटच्या पोरालाही सुटत नव्हतं. त्या दिवसापासून घरातलं शेंगदाण्याचं डबडं माझ्या हवाली झालं. आई रोज दुधाचा तांब्या पुढं करायची. पळून आल्यावर भागवतच्या शेतात हुरडा भाजलेला असायचा. गोवऱ्यांच्या आरात कणसं घालायची, ती चरचरली की हातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि दाणे तिळाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. हिरव्या दाण्याची ती गोडी जिभेवर असायची आणि बोटांना राखेचा वास. सहा आठवडे मी नुसता चरत होतो. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आप्पांनी पुन्हा मोजलं, पन्नास किलो पाचशे ग्रॅम. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला आप्पांच्या दोन दोन मुठी वर गेल्या.

राहिली छाती. छाती काट्यावर मोजता येत नाही. तिला टेप लागतो, आणि गावात टेप एकाच माणसाकडं होता. गंगाराम शिंपी. आम्ही त्यांना गंगामामा म्हणायचो. मारुतीच्या देवळाशेजारी त्यांची मशीन. गावातल्या तीन पिढ्यांचे सदरे, लेंगे, परकर, शाळेच्या चड्ड्या, सगळं त्या एका मशीनीतून निघालेलं. त्यांचा शिलाईचा एकच नियम होता. माप घेताना टेप आणि अंग यांच्यामध्ये स्वतःची दोन बोटं घालायची. वाढतं अंग हाय, असं म्हणायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पाच वर्षांच्या पोराला ते वाढतं अंग म्हणायचे ते ठीक होतं, पण साठीच्या पाटलांनाही म्हणायचे. गावात कोणालाच कपडा बेताचा बसायचा नाही. आमच्या चड्ड्या दुसरीत शिवल्या की चौथीपर्यंत चालायच्या, पहिलं वर्ष हातानं धरून. रेडिमेडच्या दुकानाचं नाव काढलं की गंगामामा भडकायचे. पोरगं न बघता कपडा शिवतात, पोरगं किती वाढणार ते त्यांना काय ठाऊक, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी मशीनीसमोर हात पसरून उभा राहिलो. थंडीनं अंगावर काटा आला होता. टेप गार होता आणि गंगामामांची दोन बोटं ऊबदार, छातीच्या बरोबर मध्ये. ती दोन बोटं मला आजही आठवतात, आणि तेव्हा त्यांचा मला काडीचाही संशय आला नाही. जन्मापासून माझं माप घेतलं ते त्याच बोटांनी, मग संशय कशाचा येणार? एकतीस, असं ते म्हणाले. मग मी पोट आत ओढून श्वास भरला. तेहतीस. भागवतनं जमिनीवर काडीनं गणित मांडलं. पाहिजे होते सव्वातीस आणि सव्वाबत्तीस. दोन्हीकडं पाऊण इंच शिल्लक. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

गंगामामांना माझ्याहून आनंद झाला. त्यांनी वहीत माझ्या नावापुढं 'मिलटरी' असं लिहिलं आणि हिरवट रंगाचं एक कापड काढून दाखवलं. भरती झालो की ट्रेनिंगला जाताना घालायचा सदरा ते स्वतःकडून शिवणार होते. मी म्हटलं, आधी होऊ तर द्या. ते म्हणाले, "आकडा माझ्या टेपनं सांगितलाय. काहून व्हायचं न्हाई?"

भागवतची छाती त्यांनी मोजलीच नाही. लांबूनच बघून हात हलवला.

आता पाऊण इंच शिल्लक असताना मी गप्प बसायचं की नाही? पण नाही. फुगवायचा सराव सुरू केला. दुकानात कोणी नसलं की श्वास भरायचा आणि शंभर मोजायचे. एकदा सत्तराच्या पुढं गेलो होतो तोच सोनाबाई आल्या. शेजारच्या आळीतल्या, वय झालेलं, नजर अधू. त्यांनी चहापत्ती मागितली. मी बोललो असतो तर श्वास सुटला असता, म्हणून नुसतं बोट वर करून थांबायची खूण केली. चेहरा लाल, डोळे बाहेर, एक बोट आभाळाकडं. सोनाबाईंना वाटलं मला फीट आली. त्यांनी ताबडतोब पायातली चप्पल काढली आणि माझ्या नाकाला लावली. श्वास सुटला, आणि पुढचा घ्यायला लागला तो चपलेतून. दुसऱ्या दिवसापर्यंत वाण्याच्या पोराला फीट येते ही बातमी चकलांब्यापर्यंत गेली, आणि फीट येणाऱ्याला फौजेत घेत नाहीत म्हणून मी घरोघर जाऊन ती खोडत बसलो.

नगरला आम्ही आदल्या दिवशीच गेलो, पाथर्डीवरून, एसटीनं. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर जाताना भागवतच्या आग्रहानं मी अर्धा डझन केळी खाल्ली. आप्पांच्या काट्यावर विश्वास होता, पण असू द्यावं. सकाळी मैदानावर हजारभर तरी पोरं असतील. थंडीत नुसत्या चड्डीवर उभी. कोण पारनेरचा, कोण आष्टीचा, कोण पार तुळजापूरकडचा, आणि सगळे अंगावर काटा येऊन एकसारखे दिसत होते. पळण्यात मी आमच्या तुकडीत पाचवा आलो. दुकानदाराचं पोरगं पाचवं, हे सांगायला तिथं गावातलं कोणी नव्हतं, याचं मला पळता पळताच वाईट वाटलं. केळी शेवटच्या फेरीला गळ्यापर्यंत आली होती, ती मी गिळून धरली. मग लोंबकळायचा दांडा झाला, खड्डा ओलांडून झाला. वजनाला उभा राहिलो तेव्हा केळी पोटातच होती. काट्यावर आलं एक्कावन्न. त्यातली केळी वजा केली तर आप्पांचा काटा आणि फौजेचा काटा एकाच आकड्यावर आले. मला आप्पांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

पुढं छाती. टेप घेऊन एक हवालदार उभा होता, मराठीच, बोलण्यावरून साताऱ्याकडचा वाटला. त्यानं टेप पाठीमागून फिरवला आणि पुढं आणून आवळला. गच्च. मी वाट बघत राहिलो. बोटं काही येईनात. शहात्तर, असं त्यानं बाजूच्या लिहिणाऱ्याला सांगितलं. फुगव म्हणाला. मी सोनाबाईंच्या चपलेची आठवण काढून होता नव्हता तो श्वास भरला. एक्क्याऐंशी.

दोन्हीकडं एक सेंटिमीटर कमी.

त्या क्षणी मी जे केलं ते आठवून मला आजही दुकानात एकट्याला हसू येतं, आणि हसू संपलं की मी उगाच काटा पुसत बसतो. मी हात जोडून हवालदाराला म्हणालो, "साहेब, दोन बोटं घाला ना."

त्याला कळेना. मी समजावून सांगितलं. आमच्याकडं दोन बोटं आत घालूनच माप घेतात, सगळं गाव तसंच मापलेलं आहे, तुम्ही बोटं विसरलात. मागच्या रांगेतली पोरं हसली. लिहिणारा हसला. हवालदार हसला नाही. त्यानं परत एकदा टेप लावला, सैल नाही पण सावकाश, आणि आकडा बघून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "बाळा, ही छाती हाय. सदरा न्हाई."

भागवत पुढं गेला. त्याला पुढच्या तपासणीला थांबवलं होतं. मी पाथर्डीच्या एसटीत खिडकीशी बसलो. बाहेर कोवळी ज्वारी, हुरड्याला आलेली, दुतर्फा. माझ्यापुढं आता ती गादी होती आणि तिच्यातला खड्डा. मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी एसटी लागली असं सांगितलं, आणि त्यांनी लिंबू काढून दिलं.

गावात मी एवढंच सांगितलं की छाती भरली नाही. बोटांचं कोणाला सांगणार नव्हतो. पण भागवत निवड होऊन आला आणि पेढ्यांबरोबर त्यानं सगळी कथाही वाटली, हवालदाराची नक्कल करून. दुसऱ्या दिवशी दुपारी गंगामामा दुकानात आले. गळ्यात टेप. मला उभं केलं, टेप गुंडाळला, आणि बोटं बाहेर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा असेल. टेप आवळला. आकडा बघितला, तीसला दोराभर कमी. ते साखरेच्या पोत्यावर बसले.

"पोरं वाढतील म्हणून मापत आलो," ते म्हणाले. "आज किती हायेत, ते कधी बघितलंच न्हाई."

मी म्हटलं, मामा, जाऊ द्या. ते उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून गंगामामांनी बोटं बंद केली. जे अंग तेच माप, दोराभर इकडं नाही की तिकडं नाही. पुढं लग्नसराई. गावातली ती लग्नसराई ज्यांनी बघितली ते अजून सांगतात. मांजरपाट पहिल्या पाण्यात आटायचा हे मामांच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं, दोन बोटांत ते भरून निघायचं. आता लेंगे घोट्याच्या वर गेले. चोळ्या घालायला दोघी लागायला लागल्या. पाटलांचं जेवण झालं की गुंड्या उडायच्या. आणि एका नवरदेवाची सफारी इतकी बेतानं शिवली गेली, की मंगलाष्टकं संपल्यावर त्याला माळ घालायला हातच वर नेता येईना. शेवटी नवरीच वाकली आणि त्यानं कमरेशी धरलेल्या माळेत तिनंच डोकं घातलं. लोकांनी टाळ्या वाजवायच्या सोडून हसू आवरलं. पण गंगामामांना सांगायला कोणी गेलं नाही. ते का तसं करतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

गेले ते आप्पा. दुकान माझ्यावर टाकून, भरदुपारी. मीही दुकान तसंच सोडून मागून गेलो आणि देवळाच्या पायरीशी थांबलो. मला वाटलं होतं आप्पा त्यांची समजूत काढतील. आप्पांनी आटलेल्या लेंग्याखालच्या आपल्या उघड्या पोटऱ्या दाखवल्या. म्हणाले, गंगाराम, वाणी या गावात कधी एवढा दिसला नव्हता. गंगामामा मशीन थांबवून म्हणाले की बोटांनी पोराचं वाटोळं केलं, आता बोटं नाहीत.

आप्पा म्हणाले, "मूठ मी बी टाकतो की रोज. पण मोजून झाल्यावर. तू आधी मोज, आकडा सांग, अन् मग घाल तुझी बोटं."

त्या संध्याकाळी गावातल्या सगळ्यांचे लेंगे पुन्हा उसवायला गेले.

तो हिरवट सदरा मामांनी कधीच शिवून ठेवला होता, भरतीच्या आधीच. आप्पा येताना तो काखेत घेऊन आले. मी घातला. त्यात मी आणि भागवत दोघंही मावलो असतो. पण टाकवेना. थंडीत दुकानात बसताना अंगावर घ्यायचो, भागवतची पत्रं आली की त्याच सदऱ्यात बसून वाचायचो. मग लग्न झालं, मग मूल झालं, आणि एक दिवस गुंड्या लावताना लक्षात आलं, सदरा मला बेतशीर बसतोय. मामांचा अंदाज चुकला नव्हता, आठ वर्षं लवकर निघाला होता एवढंच. तेव्हा मामा होते. मी दाखवायला गेलो. त्यांना नीट दिसत नव्हतं, त्यांनी हातानं चाचपून बघितलं, आणि सवयीनं कडेला दोन बोटं घालून पाहिली. जात नव्हती. खूश झाले.

मामा गेले. आप्पा गेले. भागवत पेन्शन घेऊन परत आला आणि आता पहाटे तोच शिट्टी वाजवत पोरांना पळवतो. ती शिट्टी ऐकली की कधी कधी मी अजून श्वास भरतो, नाही असं नाही. गादीतला खड्डा मला बरोबर बसला. तसा वाईट नाही. दुपारी झोप चांगली लागते.

परवा पोरांच्या रांगेतून एक जण फुटून दुकानात शिरला. ओंकार, माझा पुतण्या. घाम, धाप, आणि अंगाला भाजलेल्या कणसाचा वास. पुढच्या महिन्यात भरती आहे, काका, छाती मोजा, म्हणाला. एकोणीस वर्षांचा, आमच्याच घराण्याचा, उंची भरपूर. मी गल्ल्यातून टेप काढला. मामांच्या मागं त्यांच्या मुलानं मशीन विकली तेव्हा मागून घेतलेला. ओंकारच्या पाठीमागून फिरवला, पुढं आणला, आणि बघतो तर माझी दोन बोटं आपसूक आत गेलेली.

ती मी बाहेर काढली. टेप आवळला. डोळे बारीक करून आकडा वाचला. सत्त्याहत्तर. पुन्हा वाचला. फुगव म्हटलं. ब्याऐंशी, काठावर, पण ब्याऐंशी. मी त्याला जसा होता तसा आकडा सांगितला. तो उडीच मारून निघाला होता. मी त्याला दंडाला धरून परत उभं केलं, टेप पुन्हा गुंडाळला, आणि ह्या वेळी दोन्ही बोटं नीट आत घातली.

"आता हे कशाला, काका?"

"सदऱ्याला," मी म्हटलं.